रिमोटची लाइफ रिंग: पाण्यापेक्षा कागदातच जास्त अडकली

पंचगंगा चढू लागली की सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतं: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. त्याआधी आमच्या बचाव गटाला रिमोटवर चालणारी, घोड्याच्या नालेसारखी लाइफ रिंग तयार हवी होती. पुरात पहिल्यांदा जवानाने उडी घ्यायची नाही, यंत्राने जायचं. खरेदी, जोडणी पटकन उरकली. अडलं सरावाच्या परवानगीपाशी.

एका कार्यालयात अर्ज दिला, तर पहिला प्रश्न, "ड्रोनचा नोंदणी क्रमांक कुठाय?" अहो, हे उडतच नाही! 2021 चे ड्रोन नियम मानवरहित विमानांना आहेत, पाण्यावरच्या यंत्राला नाहीत. पण रिमोट म्हटलं की ड्रोन, हेच डोक्यात बसलेलं. दुसऱ्या खेपेला नियमांची प्रत नेली, तर साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला नवीनच: वायरलेस परवाना आणा. 2.4 गिगाहर्ट्झवर कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही, मात्र उपकरणाला ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) ही मान्यता असावी लागते. तिची प्रत विक्रेत्याकडून खरेदीवेळीच घ्या. आम्ही घेतली नव्हती, त्यात आणखी आठवडा गेला. अर्जाच्या विषयातच "पाण्यावर चालणारे, न उडणारे उपकरण" असं लिहा, यंत्राचा फोटो जोडा, पोच घेतल्याशिवाय हलू नका. पावसाळा तोंडावर असताना एका शब्दापायी तीन खेपा! तो राग अजून गेलेला नाही. अर्ज मार्चमध्येच टाका.

पाण्यात खरा त्रास केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा. त्याची काळी, केसासारखी मुळं जेटच्या (पाणी खेचून मागे फेकत रिंग पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेच्या) जाळीत गेली की मोटरचा आवाज चढतो, पण रिंग जागची हलत नाही. बॅटरी काढूनच जाळी साफ करा. रिंगचा दोर तरंगणारा हवा, पॉलिप्रॉपिलीनचा. नायलॉनचा बुडून जेटकडे ओढला जातो.

झाडाला धरून बसलेल्या माणसाकडे रिंग प्रवाहाच्या वरच्या अंगाने थेट सोडू नका, जोरात धडकते. त्याच्या खालच्या अंगाला नेऊन, तोंड प्रवाहाकडे वळवून हळू वर चढवा. वेग हातात राहतो.

सिग्नल तुटला की मोटर बंद व्हावी, असं फेलसेफ लावा आणि रिमोट मुद्दाम बंद करून तपासा. मग रिंग वाहतच जाणार, म्हणून खालच्या अंगाला थ्रो बॅग (फेकायची दोराची पिशवी) घेऊन एकजण उभा हवाच. चालवणारा उंचावर असावा, पाण्यालगत रेंज घटते.

आणि हो, अर्जात सरावाची जागा बंधाऱ्यापासून लांबची लिहा. बंधाऱ्याच्या लगेच खाली पाणी उलटं फिरतं, तिथे रिंगसुद्धा गोल फिरत अडकते आणि ती काढायला शेवटी माणूसच उतरवावा लागतो.