ओम्नीचं इंजिन: बोअर केलं, 400 किलोमीटर झाले

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा आमची मारुती ओम्नी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी होती आणि इंजिन उतरवायचं बाकी होतं. आता इंजिन पुन्हा पुढच्या सीटखाली आपल्या जागेवर आहे आणि 400 किलोमीटर पळालंय. मधल्या दोन महिन्यांतला बराचसा वेळ एकाच प्रश्नात गेला: बोअर करायचं (सिलिंडर आतून कापून थोडं मोठं आणि गोल करायचं) की पिस्टनला नुसत्या नव्या रिंगा टाकायच्या?

गाडी बाबांची, 1998 ची, कार्ब्युरेटरवाली. निळा धूर, महिन्याला लिटरभर ऑइल, आणि ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रकसुद्धा मागून हॉर्न देणार, अशी अवस्था. उघडण्याआधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत किती दाब तयार होतो ते) घेतलं होतं. एक नंबर 9.5, दोन नंबर 6.5, तीन नंबर 9. दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं, तर काटा 9 वर गेला. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइल घालून फरक पडला नसता. म्हणजे दुखणं रिंगा आणि बोअरचं, हे हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्हवाला भाग) उघडण्याआधीच कळलं. हे पाच मिनिटांचं काम आहे, कुणीही टाळू नका.

कळव्यातल्या दोन्ही मेस्त्र्यांचं म्हणणं एकच: "रिंगा मारून घ्या, दोन वर्षं बघायला नको." खर्चही निम्म्याहून कमी. पण बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजलं आणि मन बदललं. या 796 सीसी इंजिनाचं मूळ बोअर 68.5 मिमी. माझ्या ब्लॉकमध्ये तळाशी 68.52 भरलं, आणि वर, जिथे पहिली रिंग वळते तिथे, 68.63. शिवाय आडवं आणि उभं माप जुळेना, म्हणजे बोअर लांबटही झालेलं. नवी रिंग गोल असते, ती अशा भोकात सगळीकडे टेकणार कशी? वर रुंद, खाली अरुंद, म्हणजे प्रत्येक फेरीला तिने उघडमीट करायची. थोडे दिवस धूर कमी झाला असता आणि परत तेच.

दोन नंबरचा पिस्टन काढला तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. दुसरी रिंग उलटी बसवलेली. तिच्यावरची खूण वर यायला हवी, ती खाली होती. ही रिंग उतरताना ऑइल खरवडून खाली नेते. उलटी बसली की तेच ऑइल वर ढकलते. सहा वर्षांपूर्वी हे इंजिन बाहेर एकदा बांधून घेतलं होतं, म्हणजे तेव्हापासून बिचारं ऑइल पीत होतं. खरं सांगतो, वाईट वाटलं. बाबा तेव्हापासून गाडीलाच दोष देत होते.

ब्लॉक घेऊन वागळे इस्टेटला गेलो. बोअरिंगवाले काका पहिलंच वाक्य बोलले, "आधी पिस्टन आणा, मग बोअरचं बोला." त्यांनी तिन्ही पिस्टन मायक्रोमीटरवर मोजले, त्यावर 1, 2, 3 लिहिलं आणि प्रत्येक बोअर त्या त्या पिस्टनच्या मापाने केलं. दोन नंबरला उभी खोल ओरखड होती, म्हणून 0.25 वर न थांबता 0.50 मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठं) घेतलं. बोअर आता 69 मिमी, म्हणजे इंजिन हिशेबाने 808 सीसीच्या आसपास.

ब्लॉक बिडाचा, आणि दिवस जुलैचे. होनिंग (बोअरला आतून बारीक रेघा पाडणारी शेवटची घासणी) झालेलं बोअर या हवेत उघडं ठेवलं तर रात्रीतून तांबूस होतं. काकांनी तिथेच ऑइल चोपडून प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं. घरी आल्यावर गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन धुतलं. नुसत्या डिझेलने होनिंगची बारीक पूड निघत नाही, ती रेघांमध्ये बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. मग बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा ऑइलमध्ये भिजवून पुसत बसलो. पहिला तुकडा काळाकुट्ट, चौथा राखाडी. सातवा पांढराच राहिला तेव्हा थांबलो.

रिंग प्रत्येक बोअरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधला गॅप पाहिला. पिस्टन उलटा धरून त्याच्या डोक्याने रिंग सरळ खाली ढकलायची आणि फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) लावायचा. एक रिंग 0.15 मिमीला अडकत होती, तिची टोकं हळूहळू घासून गॅप 0.25 केला. हेडचं काम फार नव्हतं: सहाही व्हॉल्व्ह घासून बसवले, सील नवी. क्रँक मूळ मापाचाच (स्टँडर्ड) निघाला. टायमिंग बेल्ट अर्थातच नवा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, कॉइलची मेन वायर वेगळी करून, डॅशवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला. मग प्लग लावले. बाबा खुर्ची घेऊन खाली येऊन बसले होते. इंजिन लागलं, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "हां, आता आपल्या गाडीचा आवाज आला."

पहिले 1000 किलोमीटर 50 च्या वर नेत नाही, पण एकाच वेगात रांगतही नाही. हलका चढ, थोडा पिकअप, मग सोडायचं. त्याने रिंगा लवकर बसतात. काल परत कॉम्प्रेशन घेतलं: 12, 12, 11.8. गायमुखला तिसऱ्या गिअरवर चढली, आरशात धूर नाही.

500 ला ऑइल आणि फिल्टर बदलणार. त्यानंतर कार्ब्युरेटर. सकाळी चोक आत ढकलला की इंजिन दोनदा अडखळतं, आणि ते आता स्वच्छ ऐकू येतं. किट आणून ठेवलंय.