आचारी, आचार्य आणि विरी गेलेलं पीठ

मंगळवार, रात्र

सकाळी सव्वानऊला काकूंचा फोन. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिघडलंय.

"अरे, तुझ्या साईटवरून एकाचा फोन आला. वास्तुशांतीला गुरुजी किती घेतात म्हणे! मी काय सांगू त्याला?"

काकूंचं काम लग्नकार्याला, बारशाला, डोहाळजेवणाला स्वयंपाकी पुरवण्याचं. त्यांची साईट मी गेल्या महिन्यात बांधून दिली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'आचाऱ्यांची यादी' असं लिहिलेलं. उघडून बघतो तर तिथे 'आचार्यांची यादी'. काकूंकडचे सगळे वाढपी आणि भटारखान्यातले लोक एका रात्रीत विद्वान झालेले.

मी आधी त्यांनाच विचारलं, टाईप करताना चुकलं असेल का? यावर काकू जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्या पूर्वी शाळेत मराठी शिकवायच्या.

चूक माझीच निघाली, आणि ती शोधायला दुपारचे तीन वाजले. काकूंकडचा बराचसा मजकूर व्हॉट्सॲपवरून, जुन्या वर्ड फायलींतून, कुठून कुठून चिकटवलेला. त्यात न दिसणारी अक्षरं भरपूर येतात आणि शोध चालत नाही. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी एक छोटं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, लिहिलं होतं. मजकूर साठवण्याआधी अशी अदृश्य अक्षरं काढून टाकायची. चार ओळींचं काम, लिहून झाल्यावर स्वतःवर खूश होतो.

त्या अदृश्य अक्षरांत एक जोडणारं अक्षर असतं, युनिकोडमधला, म्हणजे संगणकाच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीतला, क्रमांक २००डी. एरवी ते बिनकामाचं वाटतं, पण मराठीत नाही. अर्धा र, तो डोळ्याच्या पापणीसारखा, दोन रीतींनी लिहिलेला सापडतो. नवी रीत म्हणजे टिंब दिलेला ऱ, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. जुनी रीत म्हणजे साधा र, हलन्त आणि मागे ते अदृश्य जोडअक्षर. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. काकूंकडे पूर्वी टाईप करायला येणारा मुलगा जुन्या रीतीचा होता. माझ्या फंक्शनने त्याचं जोडअक्षर उचलून फेकलं, मागे राहिला र आणि हलन्त, आणि त्याचा झाला रफार. आचाऱ्याचा आचार्य.

मजा अशी की 'आचाऱ्यांची' हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा. साईट ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली त्या जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर जुन्या रीतीने अकरा, नव्या रीतीने दहा. आणि मोडून झालेल्या 'आचार्यांची'ची लांबीही दहाच. म्हणजे लांबी मोजून काही कळेल ही आशाही गेली.

दुरुस्ती एका ओळीची. अदृश्य अक्षर काढण्याआधी 'र, हलन्त, जोडअक्षर' असा क्रम दिसला की तिथे 'ऱ, हलन्त' घालायचं. हे करताना आठवलं की चार माणसांच्या कुटुंबाचं इमोजीसुद्धा याच जोडअक्षराने बांधलेलं असतं. एका ग्राहकाच्या अभिप्रायात आई, बाबा, मुलगा, मुलगी सुटे सुटे रांगेत उभे होते ते त्यामुळे! मला वाटलं होतं त्यानेच तसं पाठवलंय.

जेवायला कालचा भात फोडणीला टाकला. बास.

बुधवार

दिवसभर दुसऱ्याच कामात. तारखेचा घोळ. एका डब्यावाल्यांच्या साईटवर उद्याची ऑर्डर आजच्या तारखेला पडत होती. रात्री बाराची भारतीय वेळ जागतिक वेळेत आदल्या दिवशीची साडेसहा संध्याकाळ होते, आणि कुणीतरी त्यातली फक्त तारीख कापून घेतलेली. कुणीतरी म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा मी.

संध्याकाळी भाकरी करायला घेतली. पाऊस होता, शेंगाची चटणी बार्शीहून आलेली, कांदा होता. भाकरी शिकलो तो एकटा राहायला लागल्यावर, आणि गेल्या वर्षभरात बरी जमायला लागली होती. आज पहिली थापतानाच कडेने फाटली. दुसरी उचलताना हातातच मोडली. तिसरी तव्यावर पोचली आणि भेगाळली. पाणी बदललं, गरम केलं, जास्त मळलं, कमी मळलं. चौथी खाल्ली, तिला भाकरी म्हणवत नाही.

गुरुवार

आईला फोन केला.

"पीठ कधी दळून आणलंस?"

"मागच्या महिन्यात."

"अरं, मग विरी गेली असंल त्याची. पावसाळ्यात एवढं दळून ठेवायचं असतंय व्हय?"

विरी. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय आणि आत्तापर्यंत त्याचा अर्थ लावायची वेळ आली नव्हती. पिठाचा चिकटपणा, धरून ठेवायची ताकद. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, म्हणून कणकेसारखी ती आपोआप ओढ धरत नाही. जे काही धरून ठेवायचं ते गरम पाण्याने मऊ पडणाऱ्या पिठाने आणि मळणाऱ्या तळव्याने. जुनं पीठ रंगाने तेच, डब्यातही तेवढंच, चिमटीत घेतलं तरी फरक कळत नाही. थापायला घेतल्यावरच ते खरं बोलतं. काल चार भाकऱ्या वाया घालवताना मी हाताला, पाण्याला, तव्याला दोष दिला. पिठावर संशय घेतला नाही, कारण ते नेहमीच्याच डब्यातलं.

आई म्हणाली, फेकू नको, उकळत्या पाण्यात अर्धं पीठ घालून उकड काढ, झाकून ठेव, मग उरलेलं त्यात मळ. आणि थापल्यावर तव्यावर टाकलीस की पाणी फिरवताना जीव घाबरवू नको, भरपूर फिरव, सुकत आलं की उलथ.

रात्री तसं केलं. भाकरी फाटली नाही. फुगली मात्र अर्धीच.

शुक्रवार

दुरुस्ती चढवली, पण आधीचा मजकूर मोडलेल्या रूपातच साठलेला आहे, मूळ कुठेच नाही. साठवण्याआधीच साफ करायचं, ही माझीच हुशारी. आता उलटं फिरायचं म्हणजे प्रत्येक 'र्य'चा 'ऱ्य' करायचा का? तसं केलं तर काकूंचं 'कार्यालय' गेलं, 'कार्यक्रम' गेला, 'सूर्यफूल तेल' गेलं. कुठला र्य खरा आणि कुठला मोडून झालेला हे यंत्राला कळणार नाही, ते मराठी येणाऱ्या माणसालाच कळतं. तेव्हा एक यादी काढली, र्य असलेल्या सगळ्या नोंदींची, आणि एकेक बघत बसलो.

पुर्या. कैर्यांचं पन्हं. दुसर्या दिवशीचा नाश्ता. बर्याच प्रकारच्या भाज्या. वाचताना भूकही लागत होती आणि लाजही वाटत होती. हे तीन आठवडे लोकांना दिसत होतं आणि एकानेही कळवलं नाही. काकूंनीही नाही, तो वास्तुशांतीचा फोन येईपर्यंत.

काकूंना सांगितलं की चूक माझी होती, तुमच्या टाईप करणाऱ्याची नाही.

"ते मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "आणि अ वर चंद्र असलेला शब्द शोधला की निम्म्याच गोष्टी सापडतात, तेही बघ."

तेही खरं निघालं. ॲ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे, ते २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत आणि अजूनही अनेक जण तसंच लिहितात. दिसायला सारखंच. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारे युनिकोडचे सामान्यीकरणाचे नियमही या दोन रूपांना एक मानत नाहीत, ते आपल्यालाच जुळवून घ्यावं लागतं. 'ॲडव्हान्स' शोधणाऱ्याला 'अॅडव्हान्स' दिसत नव्हता. काकूंच्या धंद्यात हाच शब्द सर्वांत महत्त्वाचा.

शनिवार

सकाळी गिरणीत गेलो. गिरणीवाल्याला म्हटलं, एक किलोच दळा. तो म्हणाला, एवढ्यासाठी गिरणी चालू करायची? ज्वारी मालदांडीच आहे का, बारीक हवं का, असं विचारत विचारत दळून मात्र दिलं. पीठ घरी येईस्तोवर पिशवीतून कोमट लागत होतं.

पहिली भाकरी एका बाजूने फुगली, दुसरी पूर्ण. तिसरी फुगताना बघायला मी तवा सोडून मोबाईल शोधायला गेलो आणि ती करपली.

जेवून यादी पुन्हा उघडली. निम्मी झाली होती. भांड्यांच्या विभागात पातेली, झारे, उलथणी आणि त्याखाली 'सुर्या, ६ नग' असं अजून तसंच आहे.