आमची वाटचाल : जुन्या मस्टँगला परवडणारा टर्बो

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेट्रॉइटमधून उत्तरेकडे निघून एट माइल रोड ओलांडला की हेझल पार्क लागतं. तिथं आमचं गॅरेज आहे. काम एकच करतो : जुन्या अमेरिकन मसल कारला (ताकदवान इंजिनाच्या गाडीला) टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवून द्यायचा, तोही पगारदार माणसाच्या खिशाला झेपेल अशा खर्चात. शाळेतले शिक्षक, कारखान्यातले फिटर, निवृत्त पोस्टमन ही आमची गिऱ्हाइकं. वडिलांनी नवी घेतलेली गाडी घरात उभी असते. ती विकायची नसते, पण तिच्यात पुन्हा जीव यावा असं मनापासून वाटत असतं.

टर्बोशी माझी ओळख पुण्यातली. किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली आली तेव्हापासून डिझेल इंजिन हा या शहराचा ओळखीचा विषय. कोथरूडजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रक आणि जनरेटरचे टर्बो खोलायला मी शिकलो. तिथले मिस्त्री टर्बोच्या शाफ्टचं (मधल्या दांड्याचं) टोक चिमटीत धरायला लावायचे. वर-खाली किंचित हलला तर चालतं, कारण तेलाचा थर तेवढी जागा मागतो. आत-बाहेर सरकला की तो टर्बो बाजूला ठेवायचा. हे बोटांचं शिक्षण मला पुढे इंजिनिअरिंगच्या पदवीइतकंच उपयोगी पडलं.

मिशिगनला आलो तो सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीसाठी. २००९ मध्ये आधी क्रायस्लर आणि मग जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, पुरवठादारांकडे कपात सुरू झाली, त्यात माझीही नोकरी गेली. बायकोच्या पगारावर घर चाललं आणि पुढच्या वर्षी आम्ही ही शेड भाड्याने घेतली. हिशेब आजही तीच पाहते. कोणतं काम घ्यायचं नाही हे ठरवण्यात तिचा शब्द शेवटचा असतो, आणि गॅरेज टिकलं त्याचं मोठं श्रेय तिचं आहे.

सुरुवातीला लोक म्हणायचे, मसल कार म्हणजे मोठं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, तिथे टर्बोचं काय काम? खरं तर मसल कारची सुरुवात मानली जाणारी पाँटिॲक जीटीओ आली १९६४ साली, आणि ओल्ड्समोबील जेटफायर व शेवरोले कॉर्व्हेअर या टर्बोच्या गाड्या त्याआधी, १९६२ मध्येच रस्त्यावर होत्या. जेटफायरमध्ये नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकणं) टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. ते भरायला मालक विसरत, आणि ती गाडी मागे पडली. पेट्रोल स्वस्त होतं, इंजिनाचा आकार वाढवणं सोपं होतं, म्हणून इथल्या कंपन्यांनी तोच मार्ग धरला. पुढे ब्युइक ग्रँड नॅशनलने ३.८ लिटरच्या व्ही-सिक्सवर टर्बो लावून भल्याभल्या व्ही-एटना मागे टाकलं. ती बनायची आमच्या जवळच, पाँटिॲक शहरात.

आमची मुख्य गाडी मात्र १९७९ ते १९९३ या पिढीतली फोर्ड मस्टँग, तीही ५.० लिटरची. १९८७ ते १९९२ या वर्षांतल्या इंजिनाची नोंदलेली ताकद २२५ हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) ९:१, पिस्टन फोर्ज केलेले, म्हणजे घडवून मजबूत केलेले. टर्बोला हे इंजिन मानवतं. १९९३ च्या गाडीतले पिस्टन वेगळे, ठिसूळ असतात, तिथे आम्ही बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) आणखी कमी ठेवतो.

खर्च वाचवायचा कुठे, हा या धंद्यातला खरा प्रश्न. आमचं उत्तर : टर्बोवर वाचवा. डॉज रॅम पिकअपच्या ५.९ लिटर कमिन्स डिझेल इंजिनावर होल्सेट कंपनीचा एचएक्स-३५ टर्बो असतो, आणि असे ट्रक जंकयार्डमध्ये मिळतात. शाफ्ट तपासायचा, पाती पाहायची, नवे बेअरिंग आणि सील घालायचे. मूळ एक्झॉस्टचे पाइप उलटे करून त्यांचं तोंड पुढे आणायचं आणि जोडणी आपल्याच शेडमध्ये वेल्ड करायची. इंटरकूलरही (टर्बोची तापलेली हवा गार करणारा) जुना चालतो, फक्त आत तेल साचलेलं नसावं.

इंधनावर मात्र एक डॉलरही वाचवू नये. मूळ गाडीत तासाला १९ पौंड पेट्रोल फवारणारे इंजेक्टर असतात. आठ मिळून १५२ पौंड. टर्बोच्या इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६ पौंड पेट्रोल लागतं, आणि इंजेक्टर क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या पलीकडे दामटायचे नसतात. गणित केलं तर ते जेमतेम २१५ हॉर्सपॉवरला पुरतात! म्हणजे वर ७ पीएसआय (चौरस इंचाला ७ पौंड) बूस्ट देऊन तीनशे हॉर्सपॉवरच्या पुढे जायचं म्हटलं तर पेट्रोल कमी पडणार, मिश्रण पातळ होणार, नॉकिंग सुरू होणार आणि पिस्टनला भोक पडणार. म्हणून ४२ पौंडांचे इंजेक्टर, तासाला २५५ लिटरचा पंप आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) या तीन गोष्टी नव्या. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ च्या आसपास, आणि दर पीएसआयमागे इग्निशन (ठिणगीची वेळ) साधारण एक अंश मागे; डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवून हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही किल्ली परत देत नाही.

तेलाची परतीची नळी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. टर्बोतून बाहेर पडणाऱ्या तेलाला दाब नसतो, ते फक्त उतारावर वाहतं. नळी रुंद हवी, कुठेही न वळवता खाली उतरावी आणि ऑइल पॅनमध्ये तेलाच्या पातळीच्या वर शिरावी. तसं नसेल तर तेल टर्बोत तुंबतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि मागे निळा धूर निघतो. मग लोक चांगला टर्बो खराब समजून फेकून देतात. दुसरीकडे केलेली अशी गाडी आली की आधी मी जमिनीवर झोपून ही नळी बघतो.

या इंजिनाचा ब्लॉक ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास मधोमध चिरतो, हे इथल्या सगळ्या मेकॅनिकना माहीत आहे. १९९० नंतरच्या मस्टँगचा टी-५ गिअरबॉक्सही ३०० फूट-पौंड टॉर्कसाठीच बनवलेला. आम्ही चाकावर मोजलेल्या साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आत थांबतो. त्याहून जास्त मागणाऱ्याला बायको नम्रपणे नकार देते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून द्या म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर. मिशिगनमध्ये धुराची तपासणी होत नाही हे खरं, पण केंद्राचा क्लीन एअर ॲक्ट इथेही लागू आहे, आणि आमची मुलंही हीच हवा घेतात.

मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे अशा गाड्या नोव्हेंबर ते एप्रिल घराबाहेर निघत नाहीत. आमचा हंगाम नेमका तोच. सगळ्यांना गाडी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारआधी हवी असते, कारण त्या दिवशी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते, १९९५ पासून.

सध्या शेडमध्ये १९७२ ची एक शेवरोले नोव्हा उभी आहे. तिच्यात शेवरोले पिकअपचं ५.३ लिटरचं इंजिन बसवतोय. पिस्टन रिंगच्या टोकांमधली फट आधी वाढवून घेतली. टर्बोच्या उष्णतेत रिंग फुगून तिची टोकं एकमेकांना भिडली तर पिस्टनचा वरचा काठच तुटतो. पुढच्या आठवड्यात तेलाची नळी वेल्ड होईल आणि मग डायनो.