मागाची शेड भाड्याने दिली: भाडेकरार रजिस्टर करण्याचा माझा अनुभव

आमचं घर सोलापुरात नीलम नगरला, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या जवळ. मागच्या बाजूला शेड आहे, तिथं टॉवेलचे माग चालायचे. धंदा परवडेना म्हणून ह्यांनी माग भंगारात काढले आणि शेड नुसती पडून होती, म्हणून मध्ये भिंत घातली, फरशी बसवली, एका कोपऱ्यात ओटा आणि मोरी केली आणि ठरवलं की भाड्याने द्यायची. शहराच्या पूर्व भागात आता अशा शेडी बऱ्याच रिकाम्या झाल्यात, त्यामुळे कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी लाईटचं सांगते कारण हे कुणी सांगतच नाही. मागाचं मीटर घरगुती नसतं, महावितरणमध्ये पॉवरलूमचा दर वेगळा आहे. त्याच मीटरवर माणसं राहायला ठेवली तर मीटर ज्यासाठी घेतलं त्यापेक्षा वापर वेगळा झाला असं धरतात आणि वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी लागू शकते. शेजारचे अण्णा म्हणाले, कशाला नाद करताय, कोण येतंय बघायला. मी म्हणलं कोणी आलं तर बिल तुम्ही भरणार का. मग जुनं कनेक्शन कायमचं बंद करायचा अर्ज दिला, त्याला ऑफिसात पीडी म्हणतात, आणि त्या खोल्यांसाठी नवीन घरगुती मीटरचा अर्ज वेगळा दिला. जुन्या कनेक्शनचं डिपॉझिट शेवटच्या बिलातून वळतं होतं ते विसरू नका, मागणी करायला लागते. नवीन मीटरचा फायदा असा की भाडेकरूचं बिल त्याचं तो भरतो, आपल्याला सबमीटर लावून युनिटमागं किती रुपये यावर दर महिन्याला डोकं लावायला नको. पण मीटर आपल्याच नावावर असतं म्हणून थकबाकी आपल्याच गळ्यात येते, ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर दर महिन्याला बघायचं, भरलं का नाही ते.

वर पत्रा आहे. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीच आहे, पत्र्याखाली दुपारी माणूस भाजतं. म्हणून आतून सिलिंग मारून घेतलं, वरून पांढरा रंग दिला आणि एका खिडकीला कूलर बसेल अशी चौकट करून घेतली. हा खर्च करताना सासूबाई कुरकुरल्या, पण एक सांगते, उन्हाळ्यात टिकणारा भाडेकरू पाहिजे असेल तर ह्याला पर्याय नाही, नाहीतर मार्च संपला की ते दुसरं घर बघायला लागतात.

आता भाडेकरू. एजंट फोनवर पहिलं विचारतो कोण लोक पाहिजेत, म्हणजे जात-धर्म, ते आम्हाला नकोच होतं. आम्ही दोन गोष्टी बघितल्या, कामाला कुठं आहेत आणि आधीचं घर का सोडतायत. आधीच्या मालकाचा नंबर मागायचा, द्यायला जो कांकू करतो तिथंच कळतं. आमच्याकडे आलेलं जोडपं अक्कलकोट तालुक्यातलं, तो टॉवेलच्या कारखान्यात, ती घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते, दोन लहान पोरं. आधीच्या मालकाशी ह्यांचं बोलणं झालं, त्यांनी सांगितलं की भाडं वेळेवर द्यायचे, घर विकायचं म्हणून खाली करायला सांगितलंय. भाडं ६,००० आणि डिपॉझिट २०,००० ठरलं.

इथपर्यंत सोपं होतं. खरी भानगड करारावर झाली, म्हणजे घरातच. सासरे म्हणाले अकरा महिन्याचा करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाका, अकरा महिन्याला रजिस्टर लागत नाही. हे सगळेच सांगतात, दुकानदार सांगतात, स्टॅम्प विकणारा सुद्धा सांगतो. पण महाराष्ट्रात तसं नाहीये. इथं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, मुदत कितीही असू दे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की वाद झाला तर भाडेकरू म्हणेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, तसं नव्हतं हे आपण सिद्ध करत बसायचं. म्हणजे तो उद्या म्हणाला भाडं तीन हजारच ठरलं होतं, तर आपण काय नोटरीचा कागद दाखवणार?

मग मी सासऱ्यांसमोर वही घेऊन बसले कारण त्यांना आकडा दाखवल्याशिवाय पटत नाही. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे असा ठराविक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, त्याला स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. अकरा महिन्यांचं भाडं ६६,०००, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्याने व्याज धरून मिळवायचं, ते अकरा महिन्यांचं अंदाजे १,८३३, मिळून झाले ६७,८३३, त्याचे पाव टक्का म्हणजे १७० रुपयेच. त्यावर नोंदणी फी १,००० कारण आपण महापालिका हद्दीत आहोत, खेडेगावात ५०० असते. ऑनलाईन केलं की वर ३०० हाताळणी शुल्क. करून देणाऱ्याची फी वेगळी, ती आधी ठरवून घ्या. नोटरीला स्टॅम्पच ५०० चा आणि वकिलाची फी वर, म्हणजे फरक किती राहिला? सासरे वही बघून म्हणाले, "बरं, तुमचं चालू द्या." त्यांच्याकडनं एवढं म्हणजे खूप झालं.

ई-रजिस्ट्रेशनला निबंधक ऑफिसला जायला लागत नाही. नोंदणी विभागाच्या साईटवर माहिती भरायची, ड्राफ्ट तयार होतो, चलन ऑनलाईन भरायचं, मग मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचा फोटो आणि आधारचा अंगठा. मशीन घेऊन घरी येणारी पोरं असतात, आम्ही तसाच एक बोलावला. आधार, पॅन, घराची कर पावती, लाईट बिल तयार ठेवा. आणि एक, घर ज्याच्या नावावर त्याचंच नाव मालक म्हणून टाका. आमचं घर सासूबाईंच्या नावावर आहे, भाडं मी बघणार असले तरी करारात त्याच.

तर सासूबाईंचा अंगठा लागेचना.

त्यांनी सगळं आयुष्य विड्या वळल्यात. पान, तंबाखू, दोरा, दिवसभर तेच, बोटांची टोकं एकदम गुळगुळीत झालीयत. पोरगा मशीन पुढं करतोय, ह्या अंगठा दाबतायत, लाल. पुन्हा, लाल. तर्जनी, लाल. सासूबाईंना वाटलं मशीन खराब आहे, म्हणून त्यांनी पोराचाच अंगठा लावायला सांगितला. मग त्याने सांगितलं, साबणाने हात धुवा, कोरडे करा, खोबरेल तेलाचा एक थेंब बोटाला लावून पुसून काढा आणि एकेक बोट बघू. डाव्या हाताची करंगळीजवळची अनामिका लागली बघा, आणि सासूबाई म्हणाल्या, "ह्या बोटाने काही कामच केलेलं नाही, म्हणून." साक्षीदार म्हणून आलेले अण्णा हसून हसून दमले.

घरात म्हातारी माणसं असतील, मागावर किंवा विडीवर काम केलेली, तर करंगळीपर्यंत सगळी बोटं लावून बघा. काहीच नाही लागलं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून या, किंवा सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जाऊन रजिस्टर करा, तिथं होतं. आणि ड्राफ्टमध्ये नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे का बघा, आमच्याकडे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं, आधारवर एक, कर पावतीवर दुसरं, मग कार्यालयातून शेरा मारून परत येतं. आमचं तेवढं वाचलं कारण मी ड्राफ्ट तोंडपाठ होईपर्यंत वाचला होता. मंजूर झाल्यावर कराराची पीडीएफ आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, डाउनलोड होतं, भाडेकरूला पण लगेच पाठवून द्या, पोरांच्या शाळेला, गॅसला, बँकेला त्यांनाही लागतं.

ड्राफ्टमध्ये तयार अटी असतात त्यावर आमचं समाधान झालं नाही, म्हणून आपल्या अटी घालून घेतल्या. सगळ्यात महत्त्वाची पाण्याची. इथं महापालिकेचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं आणि आलं की कुठल्या वेळेला येईल सांगता येत नाही. हौद एकच, मोटर एकच. म्हणून त्यांच्यासाठी छतावर १,००० लिटरची वेगळी टाकी बसवली आणि करारात लिहिलं की पाणी सुटलं की आधी हौद भरणार, मग दोन्ही टाक्या भरणार, मोटरचं बिल आमचं, टँकर मागवायची वेळ आली तर खर्च निम्मानिम्मा. कूलरला बोअरचं पाणी वापरायचं, नळाचं नाही. वाचायला हास्यास्पद वाटतं पण आमच्या गल्लीत पाण्यावरून मालक-भाडेकरू अबोला धरून आहेत अशी घरं मोजून दाखवते.

दुसऱ्या अटी साध्या होत्या, नोटीस एक महिन्याची दोन्ही बाजूंनी, रंग आणि भिंतीला खिळे यांचं काय, डिपॉझिट कधी परत. भाडेकरूच्या बायकोने विचारलं, "अक्का, शिलाई मशीन चालेल ना, आवाज होतो." मागाचा खडखडाट ऐकून ज्या घराने दिवस काढले त्यांना शिलाई मशीनचा काय त्रास. पण तेही लिहिलं, की घरगुती शिलाई चालेल, कामाला बायका बसवायच्या नाहीत, कारण तसं झालं तर मीटरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

चावी द्यायच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचं रीडिंग, नळ, फरशी, दाराच्या कड्या सगळ्याचे फोटो काढले आणि एकमेकांना पाठवले. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायची असते, तीही दिली, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाईन भरता येते, आधार आणि फोटो लागतो. हे भाडेकरूला आधी सांगा, नाहीतर आपल्यावर संशय घेतायत असं वाटतं.

कधी भाडं थकलं तर एक लक्षात ठेवा, रागाने लाईट किंवा पाणी बंद करायचं नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे तसं करता येत नाही, आपणच गुन्ह्यात येतो. मुदत संपून पण खोली सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, मुदत संपल्यापासून दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि तिथं आपला लेखी करार हाच पुरावा धरतात. आमच्यावर ती वेळ नाही आली.

टॅक्सचं थोडक्यात, भाडं सासूबाईंच्या खात्यात जातं, ते त्यांचं उत्पन्न. वर्षभराच्या भाड्यातून भरलेला घरपट्टीचा कर वजा करून उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या दाखवायला लागत नाहीत. आमचा आकडा लहान आहे त्यामुळे कर बसत नाही पण भाडं बँकेतूनच घ्या, रोख नको.

करार आपोआप वाढत नाही, मुदत संपायच्या आत नवीन रजिस्टर करायचा. आमचा आता संपत आलाय, भाडं ३०० ने वाढवायचं बोलणं झालंय, ते हो म्हणाले फक्त दिवाळीनंतर द्या म्हणाले, म्हणून नवीन ड्राफ्टमध्ये पहिले काही महिने जुनं भाडं आणि मग वाढीव असं लिहून घेतोय. मशीनवाल्या पोराला फोन केला तर पहिलं विचारतो, "आजींची अनामिकाच ना?"