वही पोचवणारे पालक

"आज पण विसरला!" शाळेच्या फाटकाशी एक आई धापा टाकत प्रयोगवही शिपायाच्या हातात देत होती.

वही मागून येतेच, हे पोराला पक्कं ठाऊक आहे. मग लक्षात ठेवायचं कशाला?

बारा-तेरा वर्षांच्या मुलानं दप्तर रात्रीच भरावं, स्वतः. वेळापत्रक त्याच्याच अक्षरात, दप्तराच्या जागेवर चिकटवलेलं. पहिला आठवडा आपण शेजारी बसायचं, हात लावायचा नाही, "उद्या काय काय आहे?" एवढंच विचारायचं. पुढे तेही बंद. (ऐन परीक्षेत मात्र हे सुरू करू नका.)

गाडी अडते ती नंतर. वही राहते, बाई रागावतात आणि आपल्याला राहवत नाही. औषध, चष्मा, डबा राहिला तर जरूर पोचवा. वही राहू द्या. आणि संध्याकाळचं "सांगितलं होतं ना!" गिळून टाका, नाहीतर त्याचा सगळा राग आपल्यावरच निघतो आणि वही बाजूला राहते. त्यापेक्षा "बाईंना उद्या काय सांगशील?" असं विचारा. अडखळला तर घरी एकदा बोलून बघू दे. चिठ्ठी आपण लिहायची नाही.

तुमच्या घरी दप्तर कोण भरतं?