पोटमाळ्यावरची चार पिल्लं

लालबागमध्ये आमच्या शेजारच्या चाळीचं तोडकाम सुरू झालं ते वरून. आधी मंगलोरी कौलं उतरवली, मग सागवानी वासे, कारण जुन्या चाळीतल्या लाकडाला अजूनही चांगली किंमत येते. वासे मोकळे करताना वरच्या मजल्यावरच्या एका बंद खोलीच्या पोटमाळ्यावर मुकादमाला चार पिल्लं दिसली. त्याने काम थांबवलं आणि मला बोलावणं पाठवलं. मला पक्ष्यांचं वेड आहे हे आजूबाजूला सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांचं पोट रोजावर आहे त्यांनी पिल्लांसाठी हातातली पहार खाली ठेवणं ही लहान गोष्ट नव्हे.

पिल्लं गव्हाणी घुबडाची होती. चारही वेगवेगळ्या आकाराची, कारण मादी एकेक अंडं दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. थोरल्याच्या पंखांवर बदामी पिसं उगवली होती, धाकट्याच्या अंगावर नुसती पांढरी लव. मी जवळ गेले तसं थोरलं डोकं खाली घालून डोलायला लागलं आणि कुकरची वाफ सुटावी तसं फुसफुसलं. घरटं असं काही नव्हतंच. फळ्यांवर काळपट गोळ्यांचा थर साचला होता. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस, हाडं गोळी करून ओकून टाकतं. एक गोळी मी काडीने उकलली, तर आत चिचुंद्रीची अखंड कवटी निघाली, बारीक दातांसकट. ज्या गिरणगावात महापालिकेला रात्री उंदीर मारायला माणसं पाठवावी लागतात, तिथे हे जोडपं आपल्या परीने तेच काम करत होतं.

खाली गर्दी जमली. एक वहिनी वाटीत दूध घेऊन आल्या, कुणी म्हणालं, चिकनचे तुकडे आणू का? सगळ्यांचा जीव तुटत होता, पण मी हात जोडून थांबवलं. पक्ष्याच्या पिल्लाला दूध पचत नाही. चोचीत पाणी सोडलं तर ते श्वासनळीत जाऊन पिल्लू तिथल्या तिथे दगावू शकतं. नुसत्या बोनलेस मांसावर वाढवलं तर कॅल्शियम मिळत नाही आणि हाडं वाकतात. घुबडाला उंदीर हाडाकातड्यासकट लागतो. शिवाय गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, खाणं नंतर. मी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, तळाशी सुती साडीचा तुकडा घातला (टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात), पिल्लं उचलून आत ठेवली आणि खोकं बंद करून अंधाऱ्या खोलीत नेलं. तोवर उघड्या पडलेल्या माळ्यावर कावळे उतरले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर धाकटं त्यांनी नेलंच असतं.

मग १९२६ वर फोन लावला. महाराष्ट्र वनविभागाची ही हेल्पलाइन आहे आणि शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने हा नंबर मोबाइलमध्ये ठेवावा असं मला मनापासून वाटतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे असा पक्षी घरी ठेवता येत नाही. तो सरकारच्या मालकीचा असतो आणि हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. फोनवरच्या बाईंनी ठिकाण, पिल्लांची संख्या, जखम दिसते का, हे सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि शेवटी बजावलं, “ताई, फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.” दिवाळी तोंडावर होती. याच दिवसांत जादूटोण्यासाठी घुबडांची चोरटी विक्री वाढते. आधीच दोन पोरांनी फोटो काढले होते. मी समजावल्यावर त्यांनी ते माझ्यासमोर पुसले.

संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून वनरक्षक आले, सोबत त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संस्थेचा एक स्वयंसेवक. पंचनामा झाला. जागा, वेळ, पक्ष्याची जात, प्रकृती, सापडलं कुणाला. पंच म्हणून मुकादमाने आणि मी सह्या केल्या. पुष्कळांना या कागदांचीच धास्ती वाटते आणि म्हणून ते फोन करत नाहीत. सांगते, मला कुणी उलट प्रश्न केला नाही की चौकीवर बोलावलं नाही.

तिथून परळला, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात. संक्रांतीला मांजाने पंख चिरलेल्या घारी, कबुतरं लोक इथेच घेऊन येतात. डॉक्टरांनी एकेकाला कपड्यात गुंडाळून तपासलं. छातीच्या हाडावर बोट फिरवून मांस किती आहे ते पाहिलं, चोच उघडून आतला रंग पाहिला, लवीत माश्यांनी अंडी घातली आहेत का ते पाहिलं. दुसऱ्या नंबरच्या पिल्लाचा डावा पंख किंचित लोंबत होता. एक्स-रेमध्ये दिसलं की पंखातल्या दोन समांतर हाडांपैकी जाड हाड मधोमध मोडलंय, बारीक शाबूत आहे. “हे बरं झालं,” डॉक्टर म्हणाले, “शाबूत हाडच याची पट्टी.” सांध्याजवळ मोडलं असतं तर पुन्हा उडण्याची आशा फार कमी असते. पंख आठच्या आकड्यात बांधला.

बाकीची तीन ठणठणीत होती. मला वाटलं होतं आता ती पिंजऱ्यात वाढतील आणि मोठी झाली की सोडतील. वनरक्षकांनी मान हलवली. “यांचे आईबाप जिवंत आहेत. आपण कितीही केलं तरी त्यांच्यासारखी शिकार शिकवणार कोण? यांना परत द्यायचं.” घरटं नाहीसं झालं तरी गव्हाणी घुबडाचं जोडपं पिल्लांच्या आवाजामागे येतं, फक्त पिल्लं जुन्या जागेच्या आसपास आणि तितक्याच उंचीवर हवीत. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. जीव लावून पोसायला आपण सगळे तयार असतो. त्याला आपल्या हातून सोडून त्याच्याच माणसांकडे पोचवायला जास्त माया लागते.

जागा म्हणजे चाळीला लागून असलेल्या इमारतीची गच्ची. तिथल्या एका पदाधिकाऱ्यांनी साफ नाही म्हटलं. घुबड, तेही ऐन लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात! वनरक्षकांनी कायदा सांगून पाहिला, उपयोग झाला नाही. काम केलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांचे यजमान गिरणीत होते. त्या म्हणाल्या, “अरे, कापसाच्या गोदामात घुबडं असायची, त्यांना कुणी हात लावत नसे. उंदीर त्यांनीच आवरले होते. ठेव रे ती पोरं वर, मी बघते कोण काय बोलतं ते.” पुढे कुणी काही बोललं नाही.

देवदारी खोकं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला पक्कं बांधलं, तोंड जुन्या चाळीकडे. अंधार पडता पडता तिघं आत ठेवली आणि आम्ही जिन्याच्या खिडकीत दिवा मालवून बसलो. पोरांनी गच्चीच्या बाजूला रॉकेट न उडवण्याचं कबूल केलं होतं आणि शब्द पाळला, पण लालबागमधले बाकीचे फटाके कोण थांबवणार? पिल्लं भुकेने फुसफुसत होती, सारखी, न थांबता. एकदा वरून कर्कश किंकाळी ऐकू आली, पांढरं काहीतरी गच्चीवरून फिरून गेलं, पण खाली उतरलं नाही. सकाळी स्वयंसेवकाने पिल्लं वजन करून केंद्रावर नेली, खाऊ घातलं, संध्याकाळी पुन्हा आणली. पालकांनी भरवलं नाही तर पिल्लं उपाशी राहू नयेत म्हणून हे असंच करतात. पुढच्या रात्री फटाके थंडावल्यावर, उत्तररात्री केव्हातरी फुसफुस एकदम वाढली आणि तुटली. आम्ही जागचे हललो नाही. उजाडल्यावर खोक्यात अर्धा उंदीर पडलेला होता आणि तिघांची वजनं वाढली होती, धाकट्याचंसुद्धा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर पिल्लं हलवली नाहीत, फक्त दुरून नजर ठेवली. थोरलं आधी टाकीवर चढून बसायला लागलं, मग समोरच्या पर्जन्यवृक्षावर, आणि काही आठवड्यांत खोकं रिकामं झालं.

मोडक्या पंखाच्या पिल्लाला मात्र वेळ लागला. पट्टी फार काळ ठेवली तर सांधा आखडतो, म्हणून ती काढून पंख हळूहळू ताणण्याचा व्यायाम दिला. मग लांब पिंजरा. माणसाची सवय लागू नये म्हणून खाणं आडोशातून टाकत, कुणी त्याच्याशी बोलत नसे. मला एकदाच पाहायला दिलं, तेही फटीतून, आणि ते योग्यच होतं. सोडण्याआधी दोन परीक्षा असतात. अंधारात जिवंत उंदीर पकडता येतो का, आणि उडताना आवाज होतो का. घुबडाच्या पिसांची कड मऊ झालरीसारखी असते, त्यामुळे त्याचं उडणं ऐकू येत नाही. ऐकू आलं तर पिसं बिघडलेली आहेत असं समजायचं आणि ती पुन्हा येईपर्यंत थांबायचं. हे पिल्लू दोन्हींत उतरलं. वनविभागाच्या परवानगीने त्याला परळमधल्याच झाडीच्या एका जुन्या आवारात सोडलं. तोवर चाळीची जागा सपाट झाली होती.

आता आमच्या चाळीची पाळी आहे. पोटमाळे, धुराडी आणि बंद खोल्या तोडकामाआधी दिवसाउजेडी तपासाव्यात, घरटं मिळालं तर १९२६ ला कळवून तेवढा भाग पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, तसाच ठेवावा, असं पत्र मी पुनर्विकास समितीला दिलं आहे. सेक्रेटरींनी ही अट कंत्राटदाराच्या करारात घालायचं कबूल केलं आहे, आणि कौलं उतरवण्याआधी वर चढून पाहायला तोच मुकादम तयार आहे.