टाळू शिवून झाली, पण ती फाटलीच का?

बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असली की घरात पहिला प्रश्न असतो दूध कसं पाजायचं, दुसरा ऑपरेशन कधी, आणि ते बरोबरच आहे, आधी पोट भरायला हवं. पण हे एवढंच आहे की सोबत अजून काही आलंय, हा तिसरा प्रश्न बऱ्याचदा राहूनच जातो. भाचीच्या निमित्ताने मी या विषयात शिरले आणि आता कोणी विचारलं की थांबतच नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

साधारण ७०० बाळांमागे एकाला हा त्रास असतो. ओठ फाटलेला असेल तर बहुतेक वेळा मामला तेवढाच असतो, एका जीनवर खापर फोडता येत नाही. नुसती टाळू फाटलेली असेल तर मात्र जवळजवळ निम्म्या मुलांत सोबत दुसरं काही तरी असतं. आणि गंमत (खरं तर वैताग) अशी की बाहेरून चेहरा नीट दिसतो म्हणून सगळे म्हणतात, चला, थोडक्यात निभावलं!

असे एकत्र येणारे दोष म्हणजे सिंड्रोम, आणि त्यातला सगळ्यात सहज ओळखू येणारा म्हणजे व्हॅन डर वूड सिंड्रोम. खालच्या ओठावर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात, कधी कधी त्यातून लाळेसारखा ओलावाही येतो. बापाला नुसते खड्डेच असतात, आयुष्यभर कोणी विचारलेलं नसतं, आणि मुलाचा ओठ फाटलेला निघतो. जीन आयआरएफ-६, तो २००२ मध्ये सापडला, आणि आईबापांपैकी एकाकडे बिघाड असला की प्रत्येक बाळाला ५०% शक्यता, आधीच्या बाळाला झालं म्हणून पुढचं सुटलं असं काही नाही. एकाच घरात एकाचा ओठ आणि दुसऱ्याची नुसती टाळू फाटलेली असेल तर हाच संशय आधी घ्यावा. तेव्हा डॉक्टरकडे जाताना फक्त बाळाला नका नेऊ, आईबाप दोघांचे ओठ उजेडात नीट बघायला सांगा.

दुसरा स्टिकलर सिंड्रोम. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात, जीभ खाली सरकली की ते वर येऊन आडवे होतात आणि मध्ये जुळतात, बाराव्या आठवड्यापर्यंत हे उरकतं. खालचा जबडाच लहान राहिला तर जिभेला खाली जायला जागा नाही, मग पडदे जुळणार कसे? स्टिकलरमध्ये असं बऱ्याचदा होतं, पण मूळ बिघाड कोलॅजनचा (शरीराला बळकटी देणारं प्रथिन), म्हणून डोळ्याला जोरदार मायनस नंबर, ऐकू कमी येणं, सांधे दुखणं हेही मागे लागतं, आणि खरी भीती डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, सुटण्याची. वेळेत कळलं तर रेटिना सुटू नये म्हणून आधीच उपचार करता येतात. टाळू शिवणाऱ्या सर्जनने डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं नाही तर आपणच जावं, त्यात मानपान कसला.

आणि २२क्यू११ डिलिशन, हा तर फारच लबाड. बाविसाव्या गुणसूत्राचा बारकासा तुकडा गायब असतो, बहुतेकदा आईबापांत काहीच नसतं, बाळातच नव्याने झालेलं असतं, त्यामुळे आईने गरोदरपणात काय केलं हे शोधत बसणाऱ्या नातेवाइकांना सरळ गप्प करायचं. टाळू वरून अखंड दिसते पण आतले स्नायू जुळलेले नसतात, पडजीभ मधून चिरलेली असू शकते, दूध नाकातून येतं, मूल मोठं झालं की नाकात बोलतं. सोबत हृदयाचा दोष, कॅल्शियम कमी होऊन झटके, असं काहीही. साधी कॅरिओटाइप टेस्ट (गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची) नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, एवढा छोटा तुकडा त्यात सहसा दिसतच नाही, बारीक तुकडेही पकडणारी फिश किंवा मायक्रोॲरे टेस्ट लागते. आणि नाकात बोलणाऱ्या मुलाचे ॲडेनॉइड (नाकामागे घशात वर असलेल्या गाठी) काढायचं कोणी सुचवलं तर आधी टाळू नीट तपासून घ्या, कारण अशा मुलांत बऱ्याचदा टाळू आणि घशामधली फट ॲडेनॉइडनेच थोडीफार बुजलेली असते, ते काढलं की बोलणं अजून नाकात जातं.